झुंबरचा उघडा ड्रायव्हर

झुंबर सानपला झाकण दिसलं की त्याचे हात शिवशिवायला लागतात. बीडहून तारापूरला एका कारखान्यात बॉयलरवर लागला, बेटेगावात खोली घेतली आणि पहिल्याच आठवड्यात घरमालकाचा चालता पंखा खोलून बसला. आत काय हाय ते बघितलं, एवढंच त्याचं म्हणणं.

पुढे भंगारातून एक कॉम्प्युटर आणला. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं, कारण फुकट, आणि वर सगळं उघडून बघता येतं. फक्त जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून चित्र काढून घेणारा प्रोग्राम, कंपनीचा होता. पळायचा झकास, पण आत बघायची सोय नाही. झुंबरला ते दातात अडकल्यासारखं सलायचं.

बायको प्रियदर्शिनीला त्याचं काही पडलं नव्हतं. त्याच मशीनवर ती साच्यांची डिझाइनं शिकली. बोईसरच्या एका वर्कशॉपनं तिला सांगितलं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत साच्याचं फिरतं चित्र पाठवा, पसंत पडलं तर नोकरी. साचा तयार होता, फिरवून पाठवायचा तेवढा राहिला होता.

आता एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारची, आणि लाइटही बहुतेक शुक्रवारीच जाते, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. पण नेमक्या त्या शुक्रवारी ती बाजारात गेली आणि या पठ्ठ्यानं, नुसतं बघतो म्हणत, अख्खी सिस्टीम नवी केली! नव्या सिस्टीमवर कंपनीचा जुना ड्रायव्हर चढेचना. कंपनीनं त्या कार्डाकडे केव्हाच पाठ फिरवली होती. त्याच्या जागी लोकांनी लिहिलेला खुला ड्रायव्हर आला. चित्र दिसलं, पण साचा हलता हलेना. तेवढ्यात लाइट गेली.

प्रियदर्शिनी आली, तिनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही.

"माझी नोकरी होती ती," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

लाइट येईपर्यंत तो मोबाइलवर त्या खुल्या ड्रायव्हरचं लिखाण चाळत राहिला. इंग्रजी निम्मंच कळत होतं. आणि खरं सांगायचं तर, जीव टांगणीला लागलेला असतानाही गड्याला मजा येत होती. कंपनीनं माहिती दिली नव्हती म्हणून लोकांनी कार्ड चाचपून चाचपून ते लिहिलेलं. कितीतरी ठिकाणी सरळ कबूल केलेलं, की याचं काम काय ते आम्हाला ठाऊक नाही. अरेच्चा, ही तर आपल्याच जातकुळीची माणसं! मग एका जागी सापडलं, की अशा जुन्या कार्डाला हा ड्रायव्हर पहिल्याच गिअरवर, म्हणजे अगदी मंद वेगावर ठेवतो. वरचा गिअर हातानं टाकावा लागतो, तोही जपून, नाहीतर कार्ड तापून जायचं.

उन्हं कलली तेव्हा लाइट आली. बॉयलरवाल्याच्या सवयीनं कार्डाच्या पंख्याच्या आवाजाकडे कान लावून त्यानं गिअर टाकला. साचा फिरला. पूर्वीइतका सरसर नाही, पण अडखळलाही नाही. अंधार पडायच्या आत प्रियदर्शिनीनं चित्र धाडलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला, सोमवारपासून या.

प्रियदर्शिनीनं लगेच जाहीर केलं, की पहिल्या पगारात स्वतःचं मशीन घेणार आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. हे जुनं तुमचं, खुशाल खोलत बसा. नव्या मशीनमध्ये ड्रायव्हर कुठला घालणार, असं झुंबरनं भीत भीतच विचारलं. कंपनीचा, ती म्हणाली, पळतो तो.

"अन् कंपनीनं पुन्हा पाठ फिरवली तर?"

प्रियदर्शिनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि कालपासून पहिल्यांदा हसली.

"मग तुमी हायेच की."