खोटं लागलं

हसुबेनना संवाद नुसतं बसून आठवत नसत. त्यासाठी शिलाई मशीन चालू लागायचं. पाय पायडलवर, नजर ब्लाउजच्या शिवणीवर आणि तोंडात चाळीस वर्षांपूर्वीचं नाटक. स्वल्पविरामाला पाय किंचित अडखळायचा, वाक्य संपलं की मशीनही गप्प. डहाणूच्या बाजारातल्या त्यांच्या गाळ्यात स्टुलावर बसून मी ते अख्खं नाटक वहीत उतरवून घेतलं. अख्खं म्हणजे, एक जागा सोडून. हसुबेन आता नाहीत, आणि त्या एका जागेवरून मला अजून स्वतःचा संताप येतो.

नाटक मूळ इंग्रजी, राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतलं आणि नाटकवाल्यांचीच थट्टा करणारं. एक नटी मोठ्या घरची सून व्हायला निघते, तिथल्या शिस्तीत गुदमरते आणि परत रंगभूमीवर येते. इथल्याच एका हेडमास्तरांनी ते कधीकाळी मराठीत आणलं होतं. तेव्हाची नायिका हसुबेन, वय वीस. पुढे संहितेची एकुलती एक वही वाळवीने खाल्ली आणि नाटक उरलं ते हसुबेनच्या डोक्यात. घरी गुजराती बोलणाऱ्या या बाईंना मराठी नाटकातली सगळी पात्रं तोंडपाठ होती. मी बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून आलेला, नाटकाची खाज असलेला माणूस. मला ते स्पर्धेसाठी पुन्हा उभं करायचं होतं.

"पाठ करून काय होत नाय, सर," त्या म्हणायच्या. "अंगावर बसायला पायजे. ब्लाउज दोनदा उसवते ना मी, मग तिसऱ्यांदा बसतो." एखाद्याचं वाक्य चुकलं की त्या "उसव" एवढंच म्हणायच्या आणि तो बिचारा पहिल्यापासून सुरू करायचा. माझ्या लांबलचक सूचनांपेक्षा त्या एका शब्दाने जास्त काम व्हायचं. हे मला फारसं आवडायचं नाही, पण मुकाट्याने सोसायचो.

तालमी दर रविवारी दुपारी चिकूच्या एका वखारीत, क्रेट बाजूला सारून. नायिका केतकी, तलासरीच्या शाळेतली तरुण शिक्षिका. ती जीपने यायची, धुळीने माखून. हसुबेनना मी म्हाताऱ्या नटीचं काम दिलं होतं. तिला आता भूमिका मिळत नाहीत. ती आपला जुना शेला नायिकेच्या खांद्यावर घालते आणि पाच वाक्यं बोलते. नाटकभर तिला तेवढंच बोलणं. लिहून घेताना मी म्हटलं होतं, ही तुमचीच वाक्यं, तुम्हाला पाठच आहेत, नंतर लिहू. आणि मग वेळ मोजली तर नाटक लांबत होतं. मी ती पाचही वाक्यं उडवली. म्हटलं, हसुबेन, नुसता शेला द्या आणि जा, तुमच्या चेहऱ्यावरच सगळं येतं. त्यांनी मान हलवली.

लगेच तो प्रवेश करून पाहिला. केतकी शेला घेऊन रडली. कसं झालं, म्हणून मी हसुबेनकडे बघितलं.

"सर, मला खोटं लागलं," त्या म्हणाल्या.

मला ते झोंबलं, पण बाईंचा कान पक्का होता. केतकीचं रडणं खोटं वाटलं म्हणतात, तर दुरुस्त करणं भाग होतं. पुढच्या रविवारी मी केतकीला कमी रडायला लावलं. मग पाठमोरी उभी केली. मग बसवली. दर वेळी हसुबेनना विचारायचो, "अजून खोटं लागतं?" त्या सुईत दोरा ओवावा तसे डोळे बारीक करून म्हणायच्या, "लागते ना, सर. पण चालेल. तुम्ही करा." त्या "चालेल"ने माझं डोकं फिरायचं. चालेल म्हणजे काय? नाटक आहे की उधारीचं गिऱ्हाईक? असे चार रविवार मी केतकीला उसवत राहिलो.

स्पर्धेत हसुबेननी केतकीच्या खांद्यावर शेला घातला आणि न बोलता निघून गेल्या. परीक्षकांनी नेमक्या त्याच प्रवेशाचं कौतुक केलं आणि मी फुगलो. मेकअप पुसता पुसता केतकी म्हणाली, "सर, एक विचारू? दर रविवारी त्यांना विचारायचात, मग त्यांची वाक्यं परत का नाही दिलीत?"

"वाक्यांचा काय संबंध?"

"खोटं लागलं म्हणजे वाईट वाटलं. गुजरातीत तसंच बोलतात. मला वाटलं, तुम्हाला कळतंय आणि तुम्ही मुद्दाम विचारताय."

सात वर्षं इथे काढली, पण कान मी साताऱ्यालाच ठेवून आलो होतो. अजून दुखतंय का, असं त्या बाईंना मी सगळ्यांदेखत चार वेळा विचारलं होतं, आणि चारही वेळा ऐकून पुढच्या कामाला लागलो होतो.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन गाळ्यात गेलो. माफी मागितली, मी काय समजलो होतो ते सांगितलं. हसुबेन हसल्या. "असं होय," म्हणाल्या, "मला वाटलं, सर कडक आहेत." मी वही उघडली आणि म्हटलं, ती पाच वाक्यं सांगा, लिहून घेतो. दुसऱ्या कुणालाच ती ठाऊक नव्हती.

"आता नाय आठवत, सर," त्या म्हणाल्या आणि ब्लाउज सुईखाली सरकवला.

मशीन सुरू झालं. थोडं चाललं, किंचित अडखळलं, पुन्हा चाललं, थांबलं. परत सुरू झालं. त्यांचे ओठ मिटलेले होते. मी मोजत होतो. पाचव्यांदा मशीन गप्प झालं तेव्हा त्यांनी दाताने दोरा तोडला आणि ब्लाउजची घडी घातली.

नाय आठवत, हे मला खोटं वाटलं. आणि लागलंही.