यादीतलं नाव
परवा सोसायटीच्या वेबसाइटवर मराठीच्या जागी नुसती विचित्र चिन्हं दिसली आणि हडपसरच्या ऑफिसातली ती बिनखिडकीची खोली आठवली. कर्णबधिर मुलांच्या एका शाळेची प्रवेशयादी काही वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या सर्व्हरवर लागली होती आणि प्रत्येक नावाच्या जागी तसलीच चिन्हं उमटत होती. "दुरुस्त होईपर्यंत उठायचं नाही," म्हणत साहेबांनी दार लोटून घेतलं. एसीच्या गारठ्यात मी मूळ नावं साठवलेला डेटाबेस पुन्हापुन्हा तपासला. तिथे नावं शाबूत होती. पानाखाली आमचाच नंबर असल्याने फोन थांबत नव्हता. खडकीच्या एक बाई मुलीचं नाव सांगून तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अहो, आहे की नाही, तेवढंच सांगा ना." दुपारी उमगलं, पान पाठवताना सर्व्हरच ब्राउझरला चुकीचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची ते, कळवत होता. एक ओळ बदलली आणि सगळी नावं मराठीत आली. मी यादी दोनदा वाचली. खडकीच्या त्या बाईंच्या मुलीचं नाव नव्हतं. तेवढ्यात त्यांचाच फोन आला. मी सांगितलं. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी तो ठेवला. साहेबांनी शाबासकी देत दार उघडलं, तरी मला खुर्चीतून उठवेना. त्या मुलीला पुढे कुठे प्रवेश मिळाला का, हे मला अजूनही माहीत नाही.