वाटीतली कॉफी

परवा नातीने उरलेली बासुंदी कॉफीत घातली आणि वरून जायफळ किसलं. त्या वासाने मी थेट अल्लीपूरच्या आमच्या चुलीपाशी जाऊन बसले.

आम्ही बौद्ध झालो, त्याच्या पुढच्याच वर्षाची गोष्ट. किराणा दुकानाच्या काकू पहिल्यांदा आमच्या घरी यायच्या होत्या. माझा दादा नागपूरला शिकत होता आणि त्यांना मुलाच्या कॉलेजची चौकशी करायची होती. तोवर दुकानात त्या आमच्या ओंजळीत मीठ वरूनच टाकायच्या.

दादाने आणलेली कॉफीची पुडी मायच्या हातात दिली. "दुधात टाकून उकळजो," म्हणाला आणि काकूंना आणायला गेला. दूध उकळायचं म्हणजे आटवायचं, एवढंच मायला ठाऊक. साखर, जायफळ घालून ती दूध निम्मं होईस्तोवर ढवळत राहिली आणि ती दाट, तपकिरी कॉफी तिने वाट्यांत वाढून वर चमचे ठेवले.

काकूंना घेऊन आलेला दादा वाट्या पाहून पुटपुटला, "अवो माय, कॉफी पेतेत, खात नाई!"

मायचा चेहरा उतरला. मी मात्र काकूंच्या हाताकडेच पाहत होते. त्यांनी वाटी उचलली आणि चमच्याने खाल्ली. तळ खरवडत म्हणाल्या, "आमच्याकडे बी अशीच करतेत."

मला ते खरंच वाटलं. त्यांच्या घरात मी पाय ठेवला तो पुढे कितीतरी वर्षांनी. तेव्हा त्यांनी कॉफी दिली. कपात, पातळ.