न चाखलेली डाळ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते डाळ निवडायचं. दुपारची वेळ, ओट्यावर बसलो होतो. सूप तिच्या मांडीवर, खडे काढायला मी. माझ्या नजरेतून खडे सुटत होते आणि ती मागून काढत होती.

"दिसत नाई त बसता काऊन?" ती म्हणाली.

"रिकामा आहो म्हणून," मी म्हटलं. तुझ्याजवळ बसायचं आहे, असं म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती.

वस्तीत तिला सगळे बेन म्हणत. ती काही गुजराती नव्हती, आमच्यातलीच. पण तिची आई कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या गुजराती मालकाकडे भांडी घासायची आणि ही त्या स्वयंपाकघराच्या दारात वाढली. तिथल्या म्हाताऱ्या मालकिणीनं, सगळे तिला बा म्हणत, हिला डाळ शिकवली आणि लग्नात पितळेचा रांगता बाळकृष्ण दिला. हिंगणघाटला माझ्या घरी ती हे दोन्ही घेऊन आली. बाकी आणण्यासारखं काही नव्हतं.

डाळ तुरीचीच, पण तिच्यात गूळ, आमसूल, शेंगदाणे. पहिल्यांदा वाढली तेव्हा मी विचारलं, "हे वरण हाये का पाक?"

"खाऊन सांगा."

मी दोनदा घेतली आणि सांगितलं काहीच नाही. पुढे ती त्याच डाळीत कणकेचे तुकडे सोडून ढोकळी करायला लागली. आमच्याकडची वरणफळंच, फक्त गोड. ढोकळीच्या दिवशी सगळं घर कामाला. गूळ मुलगा फोडायचा आणि निम्मा खायचा. त्याला मिशा आल्या, लग्न झालं, तरी गूळ फोडायला ती त्यालाच बसवायची. गूळ निम्माच उरायचा.

तिची एक गोष्ट मात्र जगावेगळी. रांधताना ती कधी चाखत नसे. बाच्या घरी देवाच्या आधी कोणी जीभ लावत नसे, तोच नेम तिनं आमच्या चुलीवर चालवला. मिठाचा अंदाज वासावर. पहिली वाटी बाळकृष्णापुढे, मग आम्ही, मग ती. चुकलं की मी सोडत नसे.

"आज देवाले अळणी खाऊ घातलं तुनं."

"तो काई बोलला नाई. तो तुमच्यासारखा नाई."

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात तिचा दमा वाढला. डॉक्टर म्हणाले, धुरापासून दूर राहा. चूल सूनबाईकडे गेली. सूनबाई कारंज्याची. हात चांगला, पण पळी जिभेला लावल्याशिवाय तिला राहवत नसे. बेन सांगून सांगून थकली. एकदा मला म्हणाली, "माह्या मागं माह्या देवाले उष्टं खा लागन."

"तू चालली कुठं?" मी म्हटलं.

ओट्यावर दोघांनी निवडलेली ती डाळ त्याच संध्याकाळी सूनबाईनं शिजवली. बेन दाराशी पाटावर बसून बघत होती. सगळं नीट चाललं होतं. उतरवताना पळी तोंडाशी गेली. मग पोरीच्याच ध्यानात आलं आणि ती तशीच उभी राहिली. बेन रागावली नाही. "जेवा तुम्ही सारे," म्हणाली. देवापुढे वाटी गेली नाही, म्हणून तीही जेवली नाही. "सकाळी करीन मी," एवढं बोलून पाणी पिऊन निजली. डाळ चांगली झाली होती. कोणी दुसऱ्यांदा घेतली नाही.

सकाळी ती उठली नाही. दिवस मावळायच्या आत नदीवर सगळं उरकलं. शेजारून पिठलं-भाकर आली. सूनबाईनं ताटाला हात लावला नाही.

"माह्यामुळं आत्याबाई उपाशी गेल्या, मामाजी."

मी तिचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चूल पेटवली. शेजारीण दारातून म्हणाली, "सुतकात चूल पेटवत नाई, भाऊ." मी म्हटलं, "माहीत हाये." जन्मात पहिल्यांदा डाळ शिजवली. गूळ टाकला, आमसूल टाकलं, शेंगदाणे टाकले, मीठ मुठीत आलं तेवढं. चाखली नाही. सुतकात देवालाही हात लावत नाहीत, म्हणून वाटी त्याच्यापुढे जरा लांबच ठेवली. मग सूनबाईचं ताट वाढलं आणि तिला हाताला धरून बसवलं.

"देवाचं झालं," मी म्हटलं. "आता जेव."

ताट रिकामं होईपर्यंत मी तिच्यासमोरून उठलो नाही.