दाखवाताई आणि सात नंबरचा पलंग

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे दाखवाताई म्हणायचे. कुणी कितीही अक्कल पाजळून तर्क लढवला, तरी या चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "दाखवा." मी त्यांच्या पाठीमागे हुबेहूब नक्कल करायचो. आपण प्रोग्राम झटपट लिहितो याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू!

त्या दिवशी नक्कल सुचली नाही. एका हॉस्पिटलला आम्ही औषधांचा प्रोग्राम दिला होता. औषध दिलं की सिस्टरनी टॅबवर पेशंटच्या नावापुढे टिक करायची. आदल्या दिवशी एका आजोबांच्या नावापुढे टिक होती आणि इंजेक्शन दिलेलंच नव्हतं. आजोबा थोडक्यात वाचले.

"सर्व्हरवर ताण येतोय, नोंदींची सरमिसळ होतेय," मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. प्रत्येक टिक दोन सेकंद थांबून नोंदवायची, असा बदल तासाभरात करूनही टाकला. चार वाजता तो सगळ्या वॉर्डांत जाणार होता.

"ताण येतोय हे दाखवा," ताई म्हणाल्या.

"ताई, इथे माणसं मरायची वेळ आलीय आणि तुम्ही पुरावे कसले मागताय?" मी चिडलोच.

"म्हणूनच मागतेय. चला वॉर्डात."

अडीचपासून आम्ही वॉर्डात भिंतीला टेकून उभे. ताई नुसत्या सिस्टरच्या बोटाकडे बघत होत्या, मी घड्याळाकडे. सव्वातीनला सिस्टरनी सहा नंबरला इंजेक्शन दिलं, टॅबवर बोट टेकवलं आणि क्षणभराने पुन्हा टेकवलं.

"दोनदा का दाबलंत?"

"हे नवे हातमोजे जाड आहेत हो. एकदा दाबून बऱ्याचदा लागतच नाही. आम्ही सगळ्याच दोनदा दाबतो."

ताईंनी टॅब जवळजवळ हिसकावलाच. टिक केलेलं नाव यादीतून जात होतं आणि खालचं नाव सरकून त्याच जागी येत होतं. दुसऱ्यांदा दाबलं की टिक त्याला!

"सात नंबरला दिलंत इंजेक्शन?"

"दुसऱ्या सिस्टरनी दिलं असेल. यादीत नाव नाहीये ना."

"कुणीच दिलेलं नाही!" सात नंबरच्या आजींची मुलगी ताडकन उठली. "मी सकाळपासून इथेच बसलेय."

सिस्टर धावल्या. माझे दोन सेकंद वाढले असते, तर टिक लगेच दिसली नसती, त्या तीन-तीनदा दाबत बसल्या असत्या आणि आणखी नावं यादीतून गेली असती. मी साहेबांना फोन लावला, "बदल पाठवू नका. माझा अंदाज साफ चुकला."

ताई तिथेच स्टुलावर लॅपटॉप उघडून नाव सरकवणारा भाग बंद करत होत्या. एकाएकी त्यांचा हात थांबला. मी डोकावलो. प्रोग्राममध्ये त्या भागाच्या वर सहा वर्षांपूर्वीची तारीख, एका ओळीची टीप: सिस्टरना पुढचं नाव शोधावं लागू नये म्हणून. खाली ताईंचं नाव.

तेवढ्यात आजींची मुलगी आली. इंजेक्शन वेळेत मिळालं होतं. "तुम्ही देवासारख्या आलात," ती हात जोडून म्हणाली.

मी डोळ्यांनी ताईंना खुणावलं, की गप्प बसा. ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आभार मानू नका," त्या म्हणाल्या. "नाव सरकवायची कल्पना माझीच. सोयीचं होईल असं वाटलं, म्हणून केलं. एकाही सिस्टरला विचारलं नव्हतं."

मुलीचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. ती आईच्या पलंगाकडे परत गेली.