मायच्या उशाचं बोअर

बसू, रेणापूरच्या स्टँडवर मला सोडायला तुम्ही सगळे आला होतात, आठवतं का? लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, नव्या पाट्या लागत होत्या, आणि विहिरी मात्र ठणठणीत कोरड्या. मायनं टँकरच्या पाण्यातून माझा फिरकीचा तांब्या काठोकाठ भरला. अप्पा खिडकीशी येऊन म्हणाले, "जमिनीतून तेल काढायला चाललीस. जमलं तर आपल्या पाण्याचं बी बघ." लोक हसले. अप्पा हसले नाहीत.

गुजरातेत मी 'बेन' झाले. तेलविहिरींच्या रिगवरून जमिनीच्या खोल पोटातल्या खडकाचे दंडगोल, म्हणजे कोअर, पेट्यांतून लॅबमध्ये यायचे. वीतभर तुकड्यात वाळू, चुना, चिकणमाती सगळं कालवलेलं. साहेब लोकांना निव्वळ वाळूचा खडक आवडायचा. असली खिचडी यायची माझ्या टेबलावर. धुऊन वाळवलेल्या तुकड्यावर मी पाण्याचा थेंब सोडायची. खडकानं तो झर्रकन पिला तर वरचा वर्ग, रेंगाळत पिला तर मधला, टिच्चून वरच बसला तर खालचा. मग भिंगाखाली छिद्रं एकमेकांना जोडलीत का ते बघायचं. नुसतं तेल धरून काय करायचं, खडकानं ते सोडलंही पाहिजे ना!

माय गेली तेव्हा मी पोचेपर्यंत तुम्ही तिला आपल्या लिंगायत रीतीनं रानात बोरीखाली बसवून समाधी दिली होती. पुढच्याच उन्हाळ्यात पुन्हा पाण्याची बोंब. अप्पांनी बोलावून घेतलं, जागा दाखव म्हणाले. आपलं रान म्हणजे सगळा काळा पाषाण, त्याला छिद्रं कुठली! माझी वर्गवारी तिथं कुचकामी. पाणी असलं तर फटीत. विहिरीत उतरून एक फट हेरली आणि तिच्या रोखानं ओढ्यापर्यंत चालत गेले. वाटेत ती मायच्या समाधीला खेटूनच जात होती. बोअर घ्यायचं तर तिथंच, हे उमगलं आणि मला रडू फुटलं.

तू भडकलास. "अक्का, मायच्या उशाला मशीन लावतीस? लाज न्हाई वाटत?" खरं सांगू, मलाही तुझंच पटत होतं. अप्पा समाधीवरचं बेलाचं पान सारखं करत म्हणाले, "जिती होती तवा तिनं दारातून कुणाला तान्हेलं धाडलं न्हाई. लावा."

मशीन राखाडी भुकटी उडवत राहिली. तू बांधावर तोंड फिरवून बसलास. दुपार कलल्यावर भुकटी ओली झाली, मग गढूळ पाणी उसळलं. पहिली कळशी अप्पांनी समाधीवर ओतली. तू त्या पाण्याला लई दिवस तोंड लावलं नाहीस, आणि माझ्याशी बोललाही नाहीस. पुढं तुझी लेकरं त्याच पाण्यावर वाढली.

आता माझ्या डाळीत गूळ पडतो, नातवंडं गुजरातीत भांडतात. गाव म्हटलं की जुनं घर आठवत नाही, ते तू पाडून स्लॅबचं बांधलंस. आठवते ती बोरीखालची जागा. अप्पाही तिथंच आहेत.

लग्न झालेल्या लेकीनं मागू नये ते परवा फोनवर मागितलं: मलाही तिथं जागा देशील का रे? तू म्हणालास, "जागा हाय की, अक्का. पण बोअरकडं पाठ करून बस. न्हाईतर तिथंबी दगडं तपासत राहशील."