भट्टीपुढचा पांढरा माणूस

फजिती माझीच आहे, तेव्हा हसायला संकोच करू नका. देव आहे आणि भूत नाही, असे मी जन्मभर मुलांना शिकवले. पहिल्या गोष्टीवरची श्रद्धा कधी ढळली नाही. दुसरीचे काय झाले, ते ऐका.

पिंपरीचे कारखाने चाकणच्या दिशेने नुकते सरकू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मी चाकणजवळच्या एका गावी शाळामास्तर होतो. शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचे तर नदी ओलांडावी लागे. मुलगे जात, मुली घरी बसत. त्या वर्षी सात मुली चौथी पास झाल्या होत्या. पाचवीचा वर्ग मंजूर होता, पण जागेवाचून अडला होता.

जागा नव्हती असे नाही. गावाबाहेर लोखंड ओतण्याचा जुना कारखाना पडून होता. एके काळी तिथे उसाचे चरक ओतले जात. भिंती दगडी, एक दालन अजून छपराखाली, आणि मालक शाळेला जागा द्यायला राजी. पण भट्टीत पडून मेलेला मुकादम तिथे उभा असतो, अशी गावाची खात्री होती. तिथे मुली पाठवायला कोणी तयार होईना.

मग मी एक शक्कल काढली. शशिकांत नावाचा माझा जुना विद्यार्थी पिंपरीच्या एका कारखान्यात फोटोग्राफर होता. त्याच्याकडे इन्फ्रारेड फिल्म होती. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तिला दिसतो, एवढे मला समजले होते. तेवढ्या ज्ञानावर मी गावसभेत उभा राहिलो. मुकादम असेल तर या फिल्मवर येईल, नसेल तर सोमवारी मुली वर्गात बसतील, असे बजावले.

सरपंच तात्यांनी शांतपणे विचारले, "आन् आला तर, गुरुजी?"

"तर मी शाळेचा विषय पुन्हा काढणार नाही."

माणसाने सत्याच्या बाजूने उभे राहावे. सत्याच्या वतीने पैज लावू नये.

शशिकांतची दिवसपाळी होती, म्हणून कॅमेरा, तिवई आणि भिंगावरची गडद लाल काच घेऊन मी एकटाच गेलो. त्याने बजावले होते, की आत उजेड कमी, बटण दाबून अडकवायचे, दोन मिनिटे मोजायची, मग सोडायचे. तोवर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. मी हात लावला नाही.

दुपार कलली होती. धुराड्यातून पिंपळ उगवला होता. वारा नव्हता, तरी छताची साखळी हलत होती. जमिनीवर साच्यांची काळी वाळू होती, तिच्यात माझ्याच पावलांचा आवाज मला ऐकू येईना. भट्टीचे तोंड माणसाएवढे. आत पाहिले की आतूनही कोणी पाहते आहे, असे वाटे. बाहेरून तीन आणि आत भट्टीचा एक, असे मी चार फोटो घेतले.

रविवारी शशिकांतने बंद पाकीट आणले. अहंकार असा, की मी ते आधी उघडलेच नाही. मारुतीच्या पारावर सर्वांसमोर फोडले. पहिल्या तीन फोटोंत आभाळ शाईसारखे काळे आणि पिंपळ भस्म फासल्यासारखा पांढरा. या फिल्मवर पाने अशीच येतात, असे शशिकांतने समजावले.

चौथ्या फोटोत भट्टीपुढे माणूस होता.

पाठमोरा, कमरेत वाकलेला, टोपीपासून खाली पांढरा. त्याच्या पाठीतून भट्टीच्या विटा दिसत होत्या. पाय नव्हते.

मी अथर्वशीर्ष सुरू केले ते मधूनच. एक म्हातारा म्हणाला, मुकादमाची टोपी अशीच होती. दुसऱ्याच्या मते तो भट्टीत आपली हाडे शोधत होता. मुलींचे बाप उठू लागले. मी शब्दाला बांधलेला; त्यांना थांबवता येईना.

तेवढ्यात सोनाबाईंनी फोटो ओढून घेतला. त्या तरुणपणी कारखान्यात वाळू वाहत, आणि त्यांची नात त्या सात मुलींत होती.

"मुकादम लुकडा व्हता," त्या म्हणाल्या. "ह्याचा डावा खांदा बगा, पडलेला. कोट मागनं वर उचललाय. ह्ये आपलं गुरुजी हायेत."

"गुरुजींचा कोट काळा हाय," तात्या म्हणाले.

शशिकांतने मान खाली घातली. "तात्या, काही काळी कापडंही या फिल्मवर पांढरी येतात." मग हळूच मला विचारले, "सर, ती दोन्ही मिनिटं फोटो निघतच असतो; मध्येच थोडा वेळ समोर आलेला माणूस असा अर्धवट, आरपार येतो. दोन मिनिटं व्हायच्या आत तुम्ही पुढे गेला होतात का?"

मी खोटे बोलत नाही. एक गोष्ट मी आतापर्यंत गाळली होती, ती पारावर सांगावी लागली. बटण दाबताच फोटो निघतो आणि पुढची दोन मिनिटे तो आत मुरतो, असा माझा समज होता. त्या मोकळ्या वेळात मी पिशवीतून नारळ काढला, भट्टीच्या तोंडाशी ठेवला आणि वाकून म्हणालो, "मुकादमसाहेब, लेकरे येतील, सांभाळून घ्या."



"नारळ ठिवला म्हनता?" तात्यांनी विचारले.

"ठेवला."

"मग झालं की. गुरुजींनी त्याला मान दिला. आता त्यो कशाला तरास दील? उद्या पोरी पाठवा रं."

सातही मुली आल्या. भूत नाही असे मी वर्षभर सांगत होतो, तेव्हा एकही आली नव्हती. पुढे दर अमावास्येला भट्टीपुढे नारळ ठेवायचे काम गावाने मास्तरांकडेच दिले. बदली होईपर्यंत मी ते एकदाही चुकवले नाही. वर्ग मोडू नये म्हणून ठेवतो, असे मी लोकांना सांगत असे.